पोपटाच्या पिंजऱ्याचं रात्रीचं कव्हर: विकत घ्यावं की शिवून?

कव्हर घेण्याआधी घराचं रात्रीचं वेळापत्रक एकदा कागदावर मांडा. बहुतेक घरांत पिंजरा हॉलमध्ये असतो. सातला दिवे लागतात, साडेदहापर्यंत टीव्ही चालतो, सव्वाअकराला शेवटचा दिवा मालवतो आणि सकाळी साडेपाचला पाणी आलं की घर पुन्हा उजळतं. पक्ष्याच्या वाट्याला आले सहा-सव्वासहा तास. पोपटाच्या कुळातल्या पक्ष्यांना रात्री सलग १० ते १२ तास अंधार लागतो. ही चार-पाच तासांची तूट कव्हरने भरून निघते का, आणि निघत असेल तर कोणत्या कव्हरने, ते बघू.

निकाल आधीच सांगून टाकतो. बाजारातलं काळं पॉलिस्टर कव्हर: चालेल, पण डागडुजी करून. शिंप्याकडून शिवून घेतलेलं सुती कव्हर: जास्त चांगलं. अर्ध्या वॅटचा पिवळा रात्रदिवा: या सगळ्यात पैसा वसूल. मखमली झोपडी आणि मडकं: आणूच नका.

हे सगळं मुख्यतः कॉकाटीलला (बाजारात सर्रास कॉकटेल म्हणतात तो) आणि छोट्या कॉन्यूरला धरून लिहिलं आहे, कारण फ्लॅटमध्ये हेच पक्षी जास्त असतात. बजरीगार, लव्हबर्ड आणि आफ्रिकन ग्रे यांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं म्हटलं आहे. गळ्यात गुलाबी पट्टा असलेला आपला हिरवा पोपट आणि पहाडी पोपट यात नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पाळणं हाच गुन्हा आहे, तेव्हा त्यांच्या कव्हरचा प्रश्न येत नाही. आफ्रिकन ग्रे असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी झालेली आहे ना, ते बघा.

झोप कमी पडली की पहिल्यांदा दिसते ती चिडचिड. हातावर येणारा पक्षी चावायला लागतो, संध्याकाळी किंचाळतो, दुपारी भरल्या उजेडात पिसं फुगवून डुलक्या घेतो. काही पक्षी छातीची पिसं कुरतडतात. दुसरा परिणाम उशिरा दिसतो आणि महागात पडतो. उजेडाचे तास वाढले की पक्ष्याच्या शरीराला वाटतं, विणीचा हंगाम आला. कॉकाटीलची एकटी मादीसुद्धा, नर नसताना, अंडी घालत सुटते. अंड्याच्या कवचाला लागणारं कॅल्शियम तिच्या हाडांतून जातं आणि एखादं अंडं अडकलं तर जिवावर बेततं. अशा मादीची रात्र पक्ष्यांचे डॉक्टर १२ ते १४ तासांपर्यंत वाढवायला सांगतात. मुंबईत जूनमध्ये उजेड सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात अकरा. घरातले दिवे धरले तर बाराही महिने सतरा-अठरा तास. कव्हर घ्यायचं खरं कारण हे आहे. थंडी लागते म्हणून कव्हर घालणं हा गैरसमज. मुंबई-कोकणात थंडीसाठी कव्हर लागत नाही. नाशिक, निफाड, विदर्भ इथे डिसेंबर-जानेवारीत लागतं, पण ती वेगळी गोष्ट.

तयार पॉलिस्टर कव्हर

ऑनलाइन मिळणाऱ्या कव्हरांत सगळ्यात जास्त खपणारा प्रकार म्हणजे काळं, जाडसर, पावसाळी पिशवीसारखं कापड, समोर चेन, एका बाजूला जाळीची खिडकी, खाली नाडी. प्रकाश अडवण्याचं काम ते चोख करतं. खोलीत पांढरी ट्यूब चालू असताना आत मोबाईल ठेवून फोटो काढा, जवळजवळ काळा येतो. एवढ्याने खूश होऊ नका.

पहिली परीक्षा पाण्याची. कापडावर चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखे उभे राहिले आणि पाच मिनिटांनीही मुरले नाहीत, तर आतून लेप आहे आणि हवा आरपार जात नाही. दुसरी परीक्षा नाकाची. कापड नाकातोंडावर घट्ट धरून चार श्वास घ्या. माणसाला ओढून घ्यावे लागत असतील तर चारही बाजूंनी बंद केलेल्या पिंजऱ्यात ते चालणार नाही. पक्ष्याच्या फुप्फुसाला जोडून हवेच्या पिशव्या असतात, हवा तो माणसापेक्षा फार कसून वापरतो. त्यामुळे कोंदट हवा, कापडाचा नवा वास, अंगाची पावडर हे सगळं त्याला आधी बाधतं. कॉकाटीलच्या पिसांतून पांढरी पावडर गळत असते, ती अशा कव्हरच्या आत रात्रभर तरंगते. लेप असलेलं कव्हर घेतलंच असेल तर भिंतीकडची बाजू पूर्ण वर दुमडून ठेवा. मग ते वापरण्यासारखं होतं.

नवं कव्हर थेट पिंजऱ्यावर टाकू नका. सौम्य साबणाने दोनदा धुवा, सुगंधी कंडिशनर वापरू नका, तीन-चार दिवस गॅलरीत वाळू द्या. वास गेला नाही तर परत करा.

आता बारकाईने बघायच्या जागा. चेनचा सरकता तुकडा बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा, वरून रंग किंवा मुलामा. पक्षी गजांतून चोच बाहेर काढून तो कुरतडू शकतो आणि जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. चेन पिंजऱ्याच्या दारासमोर येत असेल तर कव्हर फिरवून चेन खाऊच्या वाट्यांच्या बाजूला आणा, तिथे गज आणि कापड यांत अंतर राहतं. वेल्क्रोच्या खरखरीत पट्टीत नखं अडकतात. ती उसवून टाकलेली बरी. जाळीच्या खिडकीचं भोक पक्ष्याच्या नखापेक्षा मोठं असेल तर आतून सुती कापडाचा तुकडा लावा. खालची नाडी लोंबती ठेवू नका.

मापात चूक होते ती नेहमी त्याच दोन ठिकाणी. पिंजऱ्याच्या वरची कडी आणि बाहेर आलेल्या वाट्या लोक मोजत नाहीत. १८ बाय १८ बाय २४ इंच हे पिंजऱ्याचं माप, पण दोन्ही बाजूंना अडीच इंचांच्या वाट्या असतील तर रुंदी झाली २३. घुमटी पिंजऱ्याची उंची घुमटाच्या टोकापर्यंत मोजायची. कव्हर घट्ट बसलं की कापड गजांना चिकटतं, आणि गजांना चिकटलेलं कापड पक्षी खाणारच.

एक फसवणूक खास लक्षात ठेवा. "पिंजऱ्याचं कव्हर" म्हणून एक पातळ, लवचिक, झालरीसारखी जाळी विकतात. ती दाणे बाहेर सांडू नयेत म्हणून असते. झोपेशी तिचा संबंध नाही. तसंच पारदर्शक प्लास्टिकचं पावसाळी कव्हर. रात्रभर ते घातलं तर सकाळी आतून घाम आलेला दिसतो.

शिवून घेतलेलं सुती कव्हर

तयार कव्हरच्या पैशांत कापड आणि शिलाई बहुधा दोन्ही निघतात, आणि माप हवं तसं मिळतं. कापड दाट विणीचं, सुती, गडद. निळं, राखाडी किंवा काळपट हिरवं. सुती ड्रिल सगळ्यात उत्तम. दुकानदार गणवेशाचं टेरिकॉट दाखवेल, ते नको. शंभर टक्के सुती मागा. मांजरपाट स्वस्त पडतं पण एकेरी घातलं तर रस्त्यावरचा दिवा आरपार दिसतो, ते दुहेरी लागतं. जुनी चादर चालते, फक्त ती विरलेली नको, कारण विरलेल्या कापडाचे धागे सुटतात.

१८ बाय १८ बाय २४ इंचांच्या पिंजऱ्याचा हिशोब असा. पन्हा (कापडाची रुंदी) ५८ इंच असेल तर तीन बाजूंची सलग पट्टी ५४ इंच आणि शिलाईला चार, म्हणजे पूर्ण पन्हा वापरला जातो. या पट्टीची उंची २४ इंच घ्या: २२ इंच प्रत्यक्ष आणि दोन इंच दुमडायला. पिंजऱ्याच्या तळाकडची दोन इंच मुद्दाम उघडी ठेवायची आहेत. उरलेल्या लांबीतून वरचा चौकोन २० बाय २० आणि चौथ्या बाजूचा पडदा २० बाय २४ एकाच ओळीत शेजारी-शेजारी निघतात. एकूण ४८ इंच लागतात. सूत आटतं, म्हणून दीड मीटर घ्या, रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायला द्या. वाट्या बाहेर असतील तर रुंदी त्याप्रमाणे वाढवा. मग तीन बाजू एका पन्ह्यात बसत नाहीत, जोड द्यावा लागतो आणि कापड दोन मीटर लागतं.

शिंप्याला दोन गोष्टी निक्षून सांगा. कडा दोनदा दुमडून शिवायच्या, नुसतं इंटरलॉक करून सोडायचं नाही. इंटरलॉकचा धागा एकदा सुटला की ओढत लांब येतो, पक्ष्याच्या बोटाभोवती त्याचा फास बसतो आणि रक्तपुरवठा तुटून बोट काळं पडतं. दुसरं, शिलाईची उलटी बाजू बाहेर ठेवायची. नेहमीच्या कपड्याच्या बरोबर उलट. सांगितलं नाही तर शिंपी सवयीने सुलट शिवणार. दिसायला ओबडधोबड वाटतं, पण आत चोचीला पकडायला काही उरत नाही.

बटणं, हुक, चेन काही लावू नका. चौथा पडदा फक्त वरून शिवून बाजूंनी सुटा सोडायचा. तो भिंतीच्या बाजूला येतो आणि दोन कपड्यांच्या चिमट्यांनी वर धरून ठेवता येतो. हवा तिथून आणि तळातून खेळते. चिमटे पिंजऱ्याच्या माथ्यावर, चोच पोहोचणार नाही असे.

दर आठवड्याला कव्हर धुवा. पावसाळ्यात सुती कापड लवकर वाळत नाही, म्हणून दोन कव्हरं लागतात. एकच शिवणार असाल तर जून ते सप्टेंबर त्रास होतो. दमट कव्हर पिंजऱ्यावर टाकलं की बुरशी धरते आणि त्या बुरशीचे कण पक्ष्याच्या हवेच्या पिशव्यांत जाऊन बसतात. हा आजार बरा करायला महिने लागतात. कुबट वास आला की कव्हर उन्हात, आणि ऊन नसेल तर इस्त्री.

नव्या कव्हरला पक्षी घाबरतो, विशेषतः गडद मोठं कापड वरून खाली येताना. पहिले तीन-चार दिवस ते शेजारच्या खुर्चीवर टाकून ठेवा. मग मागची बाजू झाका, मग दोन बाजू. घार झडप घालते तशी वरून फडकवू नका, मागून पुढे सरकवत आणा.

अर्ध्या वॅटचा रात्रदिवा

या सगळ्या खरेदीत आम्ही पहिला नंबर याला देऊ, आणि कव्हरवाले विक्रेते नेमकं हेच सांगत नाहीत. कॉकाटीलला संपूर्ण अंधार मानवत नाही. मध्यरात्री भिंतीवर पाल सळसळली, उंदीर पळाला, रस्त्यावरून गाडीचा दिवा फिरला की तो दचकून उडतो, आणि गज दिसत नसल्यामुळे त्यांवर आपटत राहतो. पंखांतली नवी वाढती पिसं रक्ताने भरलेली असतात, ती मोडली की रक्त थांबता थांबत नाही. काळोख्या कव्हरमध्ये हा धोका वाढतो. बजरीगार आणि लव्हबर्ड यांच्यात हे कमी, कॉन्यूर आणि ग्रे यांच्यात आणखी कमी.

साध्या होल्डरमध्ये बसणारा ०.५ वॅटचा एलईडी बल्ब घ्या, पिवळा किंवा लाल. निळा आणि पांढरा नको, हे प्रकाश शरीराला दिवस वाटतात. जुना काचेचा झिरो बल्ब नावाला झिरो; तो पंधरा वॅटच्या आसपास वीज खातो आणि तापतो, तो कापडाजवळ नकोच. बल्ब पिंजऱ्यापासून पाच-सहा फुटांवर आणि कव्हरच्या उघड्या बाजूकडे असावा. भिंतीवरून परतलेला उजेड पुरतो. किती उजेड हवा? दिवे मालवून पाच मिनिटं थांबा. आता दांडी आणि गजांची रेघ दिसली पाहिजे, पण वर्तमानपत्राचा मथळा वाचता येता कामा नये.

दोन बारीक दोष तपासा. स्वस्त एलईडी लुकलुकतात. आपल्याला दिसत नाही, पण पक्ष्याचा डोळा आपल्यापेक्षा जलद लुकलुक टिपतो. मोबाईलचा कॅमेरा बल्बवर धरा; पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर बल्ब बदला. दुसरा दोष बल्बचा नाही, जागेचा आहे. बल्ब छताजवळ आणि पंखा मध्ये आला की पात्यांची सावली पिंजऱ्यावरून रात्रभर फिरते. पक्षी विनाकारण उधळतो असं वाटतं तिथे एकदा वर बघा. माणसाची चाहूल लागली की पेटणारे सेन्सरचे दिवे पक्ष्याच्या खोलीत लावू नका. पाणी प्यायला उठलेला माणूस त्यांना पुरतो.

रात्री पक्षी उधळलाच तर कव्हर झटकन ओढू नका आणि मोठा दिवा लावू नका. आधी हळू आवाजात ओळखीचं नाव घ्या, मग मंद दिवा, मग पुढची बाजू उचला. हात आत घालायचा नाही. तो दांडीवर आला की पंख बघा. रक्ताचा थेंब दिसला तर टॉवेलमध्ये धरून, जखमेवर कॉर्नफ्लॉर लावून स्वच्छ कापडाने दाबा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर रात्र असली तरी डॉक्टर गाठायचा. शंभर ग्रॅमच्या पक्ष्यात रक्त असतं किती! वारंवार उधळणाऱ्या कॉकाटीलसाठी झोके, घंटा, शिड्या रात्री काढून ठेवा आणि झोपायची दांडी तळापासून सहा-आठ इंचांवर आणा. इतर पक्षी उंचावरच झोपायला मागतात, त्यांची दांडी खाली आणू नका.

टायमर

रात्रदिवा आणि हॉलचा दिवा टायमरवर टाकावा असं वाटणं साहजिक आहे. गोल तबकडीचा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्या असलेला टायमर स्वस्त आणि टिकाऊ, पण वीज गेली की तोही थांबतो. दोन तास भारनियमन झालं की तो दोन तास मागे पडतो आणि रोजचा आठचा अंधार दहाला होतो. जिथे वीज जाते तिथे आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. वायफायवाल्या स्मार्ट प्लगची वेगळी गंमत: वीज परत आल्यावर काही प्लग आपोआप चालू होतात आणि पहाटे तीनला खोली झगमगते. सेटिंगमध्ये "वीज आल्यावर बंद राहा" असा पर्याय असेल तरच तो घ्यावा. रात्रदिव्यासाठी बॅटरीवर तग धरणारा बल्ब असेल तर वीज गेल्यावरचा दचकाही वाचतो.

संध्याकाळ अचानक होऊ देऊ नका. मोठे दिवे आधी मालवा, पंधरा-वीस मिनिटं एखादा कोपऱ्यातला दिवा राहू द्या, त्या वेळात पक्षी शेवटचं खातो-पितो आणि दांडी धरतो. मग कव्हर. चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासल्याचा खर्र-खर्र आवाज यायला लागला की समजा, झोप आली. हा आवाज ऐकून चोच दुखते की काय म्हणून घाबरणारे बरेच असतात. तसं काही नसतं.

झोपडी आणि मडकं

फरच्या कापडाची तंबूसारखी टांगती झोपडी "पक्ष्याला ऊब" म्हणून विकतात. फोटोत गोड दिसते. पक्षी तिचे धागे चावून गिळतो, ते गळ्याखालच्या पिशवीत गोळा होऊन अडकतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. धाग्यात मान किंवा पाय अडकून मेलेले पक्षी डॉक्टर बघतात. शिवाय बंद, अंधारी, मऊ जागा म्हणजे पक्ष्याच्या लेखी घरटं. कॉन्यूर तिची राखण करायला लागतो आणि मालकाला फोडतो.

मडक्याचं तेच. क्रॉफर्ड मार्केटपासून गावच्या आठवडी बाजारापर्यंत, बजरीगारच्या जोडीबरोबर तोंड पाडलेलं मडकं हमखास गळ्यात मारलं जातं, "रात्री यात झोपतात" म्हणून. बजरीगार दांडीवर झोपतो. मडकं अंडी घालायला असतं. वीण नको असेल तर आजच काढा. लव्हबर्डला आडोसा आवडतो हे खरं, पण त्यालाही पिंजऱ्याचा एक कोपरा तीन बाजूंनी झाकला की पुरतं.

पाण्यात टाकायचे "शांत झोपेचे थेंब" याच रांगेत ठेवा. डोस पक्ष्याच्या वजनावर ठरतो, आणि पाणी तो किती पितो हे कुणालाच माहीत नसतं.

झोपेचा वेगळा पिंजरा

टीव्ही साडेदहापर्यंत चालणारच असेल तर कुठलंही कव्हर पुरं पडत नाही. आत अंधार असतो, पण कानावर मालिकेचं पार्श्वसंगीत आदळत राहतं आणि पक्षी दर काही मिनिटांनी डोळा उघडतो. अशा घरात छोटा दुसरा पिंजरा आतल्या खोलीत ठेवणं हाच इलाज. प्रवासाचा घडीचा पिंजरा चालतो. माप एवढंच हवं की दांडीवर बसून पक्षी पूर्ण फिरला तरी शेपूट गजांना घासणार नाही. ३२-३३ सेंटिमीटरच्या कॉकाटीलला १५ इंचांपेक्षा अरुंद नको. आत एक दांडी, पाण्याची वाटी, मूठभर दाणे, बस. खेळणी नकोत. कडुनिंब किंवा पेरूची फांदी, कॉकाटीलला दीड ते दोन सेंटिमीटर जाड, ग्रेला तीनच्या आसपास. वाळूकागद गुंडाळलेल्या दांड्या विकतात. त्यांनी तळपाय सोलवटतात, आणि रात्रीचे दहा तास पक्षी त्याच दांडीवर असतो.

कोणती खोली? स्वयंपाकघर नको. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याचा धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारतो, आणि सकाळचा कुकर पाचलाच उठवतो. रस्त्याकडची खिडकी नको. गॅलरी तर मुळीच नको: मांजर, उंदीर, घुबड आणि कबुतरांची घाण. ज्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विडचं यंत्र, धूप किंवा कापूर जळतो तीही बाद. डास असतील तर पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका, पण गजांपासून दोन-तीन इंच दूर ताणून, नाहीतर नखं अडकतात. डासांवाटे पक्ष्यांना देवीचा रोग होतो, तेव्हा जाळीचा खर्च फुकट जात नाही. मच्छरदाणी आणि जाड कव्हर एकावर एक मात्र घालू नका.

एप्रिल-मेमध्ये कव्हरचं गणित बदलतं. नागपूर-अकोल्याकडे रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. चोच उघडी, पंख अंगापासून लांब धरलेले, भराभर श्वास असं दिसलं तर कव्हर पूर्ण काढा आणि खोलीच अंधारी करा. जाड पडदा खिडकीला लावा, पिंजऱ्याला नको. कूलरचा झोत थेट पक्ष्यावर नको. दिवाळीच्या चार रात्री आणि विसर्जनाच्या ढोलताशात कव्हर आवाज अडवत नाही, पण फटाक्यांचा लखलखाट अडवतं. तेव्हा खिडकी बंद, पंख्याची घरघर चालू, रात्रदिवा चालू.

कव्हर जमलं की नाही हे सकाळी ट्रेमधल्या कागदावर कळतं. विष्ठा दांडीच्या खाली एकाच जागी साठलेली असेल तर पक्षी रात्रभर जागचा हलला नाही. ती चार कोपऱ्यांत विखुरलेली, बरोबर दोन-चार मोठी पिसं, गजांवर पांढरी पावडर किंवा रक्ताचा ठिपका असेल तर रात्री पक्षी उधळला. दिवा, सावली, पाल, याच क्रमाने शोध घ्या. पहिली सकाळची विष्ठा मोठी आणि पातळसर असते, त्यावरून आजार ठरवू नका. पण पक्षी दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी झोपलेला सापडला, किंवा श्वासाबरोबर शेपूट वर-खाली हलत असेल, तर तो कव्हरचा प्रश्न नाही. त्याच दिवशी पक्ष्यांचा डॉक्टर गाठा आणि ट्रेमधला कागद न टाकता बरोबर न्या.